तुबाबाओची तंबूंची वस्ती

फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या आग्नेय टोकाला गीवान नावाचे एक छोटे नगर आहे. त्याच्या एका बाजूला लेतेचे आखात आणि दुसऱ्या बाजूला मोकळा पॅसिफिक. इथली माणसे वराय भाषा बोलतात, नारळावर आणि मासळीवर जगतात, आणि वर्षाचे शेवटचे तीन महिने आभाळावर नजर ठेवून असतात. पॅसिफिकमध्ये उठणारी कितीतरी वादळे पहिल्यांदा जमिनीला टेकतात ती इथेच आसपास.

या नगराला लागून तुबाबाओ नावाचे बेट आहे. 1949 सालच्या सुरुवातीला शांघायहून आलेल्या पाच-सहा हजार रशियन निर्वासितांची वस्ती तिथे उभी राहिली. सगळी तंबूंची. दोन-अडीच वर्षांत ती रिकामी झाली, तंबू उतरले, आणि मागे राहिलेल्या खुणा रानाने आणि वादळांनी पुसून टाकल्या. त्या वस्तीत लहानपण घालवलेली मुले आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत, सिडनीत एकेक करून ती जग सोडून जात आहेत, आणि वस्ती स्वतः पाहिलेले कोणी काही वर्षांत उरणार नाही. ही श्रद्धांजली त्या वस्तीला आहे, आणि तिला जागा देणाऱ्या तेव्हाच्या गीवानलाही आहे.

गीवानचे नाव इतिहासात त्याआधीही एकदा आले होते. मार्च 1521 मध्ये मॅगेलनची जहाजे पॅसिफिक ओलांडून समारजवळ पोहोचली, तेव्हा खलाशी उपाशी होते, हिरड्या सुजून मरत होते. मॅगेलन होमोनहोन बेटावर उतरला. हे बेट आजच्या गीवान नगराच्या हद्दीत येते. त्याच्याबरोबर असलेल्या पिगाफेत्ताने लिहून ठेवले आहे की आजाऱ्यांसाठी किनाऱ्यावर दोन तंबू ठोकले गेले. मग शेजारच्या सुलुआन बेटावरून काही माणसे होडीतून आली. त्यांनी मासे दिले, केळी दिली, ताडी दिली, नारळ दिले. पुन्हा येऊ म्हणाली, आणि खरोखरच आणखी नारळ घेऊन आली. मॅगेलन रोज स्वतःच्या हाताने आजाऱ्यांना शहाळ्याचे पाणी पाजत असे. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे: मॅगेलन मक्तान बेटावर मारला गेला, आणि काही दशकांनी स्पेन या बेटांचा मालक होऊन बसला. पण सुलुआनच्या त्या माणसांना यातले काही माहीत नव्हते. त्यांच्यापुढे समुद्रातून आलेली आजारी माणसे होती, एवढेच.

तुबाबाओवर आलेली माणसे मात्र फार लांबचा फेरा घालून आली होती. 1917 ची क्रांती आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांत बोल्शेविकांविरुद्ध लढलेले किंवा त्यांना भिऊन पळालेले रशियन पूर्वेकडे सरकत सरकत मांचुरियात पोहोचले. हार्बिन हे शहर रशियन रेल्वेमुळेच वसले होते, तिथे अनेकांनी बस्तान बसवले. ऑक्टोबर 1922 मध्ये व्लादिवोस्तोक पडले आणि आणखी एक लोंढा जहाजांवर चढला. अ‍ॅडमिरल स्टार्क यांच्या ताफ्यातली काही जहाजे 1923 साली थेट मनिलापर्यंत आली होती, म्हणजे रशियन निर्वासितांना फिलिपिन्सने आसरा देण्याची ती पहिली वेळ. बाकीच्यांपैकी पुष्कळ जण शांघायमध्ये राहिले. नव्या सोव्हिएत सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले होते. देश नसलेली माणसे झाली ती. कुणी संगीत शिकवले, कुणी शिवणकाम केले, कुणी पहारेकरी झाले. झारच्या सैन्यात अधिकारी असलेल्यांनी दारावर उभे राहून सलाम ठोकले. फ्रेंच वसाहतीतल्या जोफ्र रस्त्यावर त्यांची दुकाने, बेकऱ्या, खाणावळी होत्या. तीस वर्षांत तिथे एक पिढी जन्मली जिने रशिया कधी पाहिलाच नव्हता.

महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत सरकारने त्यांना पुन्हा नागरिकत्व देऊ केले. 1947 मध्ये हजारो जण परत गेले, आणि त्यांतल्या अनेकांच्या नशिबी तुरुंग आणि श्रमछावण्या आल्या. जे गेले नाहीत त्यांच्यापुढे 1948 च्या अखेरीस दुसरे संकट उभे राहिले. माओच्या फौजा दक्षिणेकडे सरकत होत्या. एका क्रांतीपासून पळालेल्यांच्या दारात दुसरी येऊन ठेपली.

आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने जगातल्या देशांना विचारले: या माणसांना कोण घेईल? अमेरिकेत कोट्याचा कायदा होता. ऑस्ट्रेलियाला वेळ हवा होता. युरोपात स्वतःचेच लाखो बेघर पडले होते. कारणे सगळ्यांकडे होती आणि ती खोटीही नव्हती, पण कारणांनी कुणाचा जीव वाचत नाही. त्या वेळी एकच देश तयार झाला: फिलिपिन्स.

हा होकार कोणी दिला ते पाहिले की त्याचे मोल कळते. फिलिपिन्सला स्वातंत्र्य मिळाले 4 जुलै 1946 रोजी, म्हणजे देश उणापुरा अडीच वर्षांचा. फेब्रुवारी 1945 च्या लढाईत मनिला बेचिराख झाली होती. तिच्याइतकी उद्ध्वस्त झालेली राजधानी त्या युद्धात वॉर्सा सोडली तर क्वचितच दुसरी असेल. राष्ट्राध्यक्ष होते एल्पिदियो किरिनो. मनिलाच्या त्याच लढाईत त्यांची पत्नी आलिसिया आणि पाचांपैकी तीन मुले मारली गेली होती. ज्याच्या घरात असे काही घडले आहे तो माणूस जगापुढे दार लावून बसला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. किरिनोंनी दार उघडले. याच किरिनोंनी पुढे 1953 मध्ये आपल्या देशातल्या जपानी युद्धगुन्हेगारांना माफी दिली. ती माफी अनेकांना रुचली नाही आणि तिच्यावर वाद घालता येईल, पण तुबाबाओच्या निर्णयामागे कोणता माणूस होता ते तिच्यावरून समजते. त्यांच्या आधी मान्युएल केझोन यांनीही नाझींपासून पळालेल्या हजारावर ज्यूंना फिलिपिन्समध्ये जागा दिली होती. तेव्हा हा एका माणसाचा लहरी चांगुलपणा नव्हता. त्या देशात तशी एक रीत तयार होत होती.

निर्णय मनिलात झाला खरा, पण शेजार करायचा होता तो गीवानच्या लोकांना, आणि युद्धाने त्यांना आधीच बरेच काही दाखवले होते. ऑक्टोबर 1944 मध्ये अमेरिकी सैन्याने लेतेवर उतरण्याआधी पहिले पाऊल ठेवले ते सुलुआन बेटावर. त्यानंतर गीवानमध्ये नौदलाचा प्रचंड तळ उभा राहिला: धावपट्टी, गोद्या, गोदामे, रुग्णालय. कोळ्यांच्या गावात हजारो सैनिक आले, आणि युद्ध संपताच तितक्याच झपाट्याने गेले. मागे राहिले काँक्रीटचे चौथरे, रस्ते आणि गंजणारे लोखंड. तुबाबाओवरही नौदलाचा वावर होता, म्हणून तर ते बेट निवडले गेले.

अट अशी होती की मुक्काम चार महिन्यांचा. खर्च निर्वासित संघटनेचा. जमीन फिलिपिन्सची.

जानेवारी 1949 पासून माणसे येऊ लागली. शांघायच्या हिवाळ्यातले ओव्हरकोट अंगावर, पियानो विकून आलेले पैसे खिशात, पेट्यांमध्ये देवांच्या तसबिरी. उतरल्यावर दिसले ते रान. म्हातारी माणसे, बाळंतिणी, अनाथाश्रमातली मुले, सगळ्यांनी मिळून झाडी तोडली आणि सैन्याचे उरलेले जुने तंबू ठोकले. उकाडा, सतत ओले राहणारे कपडे, किडे, साप, विंचू, डब्यातले अन्न. ज्यांच्या आजोबांनी उणे तीस अंशांत रेल्वे बांधली होती त्यांना घामाने झोप लागत नव्हती.

पण ही माणसे तीस वर्षे देशाविना जगली होती. जिथे जातील तिथे आपले गाव मांडायचे हे त्यांना पाठ झाले होते. छावणीचे चौदा भाग पाडले गेले. भागाभागांत सार्वजनिक स्वयंपाकघरे चालू झाली. रुग्णालय उभे राहिले, दातांचा दवाखाना उभा राहिला, आणि त्यांत काम करणारे डॉक्टर निर्वासितांतलेच होते. शाळा सुरू झाली. विजेची सोय झाली. स्वतःचे पोलीस नेमले गेले, तंटे सोडवायला न्यायमंडळ बसले, एक छोटासा तुरुंगही होता. सगळ्यांना आपण रशियन म्हणून ओळखतो, पण त्यांत युक्रेनियन होते, तातार होते, बाल्टिक देशांतले होते, ज्यू होते. ऑर्थोडॉक्स प्रार्थनाघरे उभी राहिली, इतर धर्मीयांनीही आपापली जागा केली. शांघायच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक आले होते, गायक आले होते, नाटकवाले आले होते. त्यामुळे संध्याकाळी उघड्या आकाशाखाली मैफली व्हायच्या, नाटके व्हायची. नाच व्हायचे, लग्ने व्हायची. मुले जन्मली. काही माणसे तिथेच मेली आणि तिथेच पुरली गेली.

मला या वस्तीबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. उद्या कुठे जायचे ते माहीत नाही, कोणी घेईल की नाही ते माहीत नाही, आणि तरी शाळेची घंटा वेळेवर होते, गाण्याची तालीम चुकत नाही. अशा छावण्यांमध्ये माणसे वाट पाहता पाहता खचतात, हे आपण आजही जगभर पाहतो. तुबाबाओतही खचलेली असतील. पण वस्ती खचली नाही.

गीवानच्या लोकांचा यात वाटा काय? फार मोठे नाव घ्यावे असे एकही कृत्य कुठे नोंदलेले नाही, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. ते मासळी, फळे, नारळ घेऊन यायचे, देवाणघेवाण चालायची, दोन्हीकडची मुले एकमेकांच्या भाषेतले शब्द शिकायची. एका छोट्या, गरीब नगराशेजारी अचानक पाच-सहा हजार परके लोक येऊन राहतात, चार महिन्यांची दोन वर्षे होतात, आणि तरी वैर होत नाही. आज जगात कुठेही निर्वासितांची छावणी होणार अशी नुसती बातमी आली तर गावे मोर्चे काढतात. त्या काळच्या आठवणी सांगणाऱ्या रशियनांच्या तोंडी गीवानकरांबद्दल कृतज्ञतेखेरीज क्वचितच काही येते. किरिनो स्वतः छावणी पाहायला आले होते, आणि त्यांनी सांगितल्यावरून भोवतीचे काटेरी कुंपण काढले गेले असे सांगतात.

छावणीतला एक माणूस पुढे जगाला माहीत झाला. शांघायचे आर्चबिशप जॉन मॅक्सिमोविच. बुटके, वाकलेले, बहुधा अनवाणी किंवा साध्या चपलांत. शांघायमध्ये त्यांनी रस्त्यावर टाकलेली मुले उचलून अनाथाश्रम चालवला होता, ती मुलेही तुबाबाओला आली. ते स्वतः वॉशिंग्टनला गेले आणि या माणसांसाठी कायदा बदला म्हणून अमेरिकी संसदेच्या पायऱ्या झिजवल्या. कॅलिफोर्नियाचे सेनेटर विल्यम नोलंड हे छावणी पाहून गेले. 1950 मध्ये विस्थापितांविषयीच्या अमेरिकी कायद्यात दुरुस्ती झाली आणि चीनमधून निघालेल्या युरोपीय निर्वासितांसाठी वेगळे व्हिसा ठेवले गेले. आर्चबिशप जॉन 1966 मध्ये वारले. परदेशातल्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने 1994 मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केले, आणि त्यांचा देह आजही सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅथेड्रलमध्ये आहे.

त्यांच्याबद्दल तुबाबाओची एक गोष्ट अजून सांगितली जाते. ते रोज रात्री छावणीभोवती फिरून चारही दिशांना आशीर्वाद द्यायचे, आणि छावणी तिथे होती तोवर मोठी वादळे बाजूने निघून गेली. वस्ती रिकामी झाल्यावर मात्र वादळ आले आणि उरलेसुरले घेऊन गेले. वादळांचे मार्ग हवामान ठरवते, हे खरे. तरी चिंध्या झालेल्या तंबूत पोरांना कुशीत घेऊन झोपणाऱ्या बाईला रात्री बाहेर कोणीतरी जागे आहे एवढे कळणे, याचीही काही किंमत होती, आणि ती गोष्ट सांगणारे तेच सांगत असतात.

निघण्याचा काळ येण्याच्या काळापेक्षा अवघड होता. ऑस्ट्रेलियाने काहींना घेतले, तेही आधी दोन वर्षे सांगतील ते काम करण्याच्या करारावर. अमेरिकेने पुष्कळांना घेतले. काही दक्षिण अमेरिकेत गेले. प्रत्येक ठिकाणी तपासणी होती, छातीची क्ष-किरण चित्रे होती. क्षयाचा डाग निघाला की नाव कटायचे. एका कुटुंबातले तिघे जहाजावर चढायचे आणि चौथा मागे राहायचा. सर्वांत शेवटपर्यंत बेटावर राहिले ते आजारी आणि म्हातारे, ज्यांना कोणत्याच देशाला घ्यायचे नव्हते. फिलिपिन्सने त्यांनाही चार महिने संपले म्हणून हाकलले नाही. निर्वासितांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आज सगळीकडे दाखला म्हणून दिला जातो तो 1951 सालचा. तुबाबाओ त्याच्याआधीचे. कोणत्याही कराराने बांधलेले नसताना हे घडले.

मराठी वाचकाला हे ऐकताना वळिवडे आठवल्याशिवाय राहणार नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेने सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेली, इराणमार्गे आलेली कुटुंबे होती ती. बहुतेक बायका आणि मुले. तिथेही शाळा होत्या, चर्च होते, नाटके होती, आणि शेजारी मराठी खेडी होती. ती छावणी बंद झाली आणि वर्षभरातच तुबाबाओ उभे राहिले. दोन्हीकडे शेवटच्या टप्प्यात काम करणारी संघटनाही एकच. पण वळिवड्याची आठवण आज बरीच जपली गेली आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे, आणि वृद्ध झालेली पोलिश माणसे पुन्हा येऊन जुनी जागा पाहून गेली. गीवानच्या वाट्याला एवढे आले नाही. ते फार लांब आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणारे कमी आहेत.

गीवानचे नाव जगाने पुन्हा ऐकले ते 8 नोव्हेंबर 2013 रोजी पहाटे. हैयान वादळ, ज्याला फिलिपिन्समध्ये योलांदा म्हणतात, पहिल्यांदा जमिनीला लागले ते गीवानलाच. नगरात धड छप्पर राहिले नाही. प्रवाळाच्या दगडांत बांधलेले, आतल्या भिंती शिंपल्यांनी सजवलेले शतकांचे जुने चर्च उघडे पडले. 1949 मध्ये बेटावर आलेल्या रशियनांनीही ते उभे पाहिले होते. ते नंतर पुन्हा बांधून काढले गेले. मदत घेऊन येणारी विमाने उतरली ती युद्धकाळात अमेरिकी नौदलाने केलेल्या त्याच जुन्या धावपट्टीवर. आणि बेघर झालेल्या गीवानकरांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तंबू आणले.

त्याच्या चौसष्ट वर्षे आधी याच गावाने परक्यांना तंबू ठोकू दिले होते, याची आठवण त्या दिवसांच्या जागतिक बातम्यांत फारशी झाली नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही रशियन घरांत मात्र म्हातारी माणसे दूरदर्शनसमोर बसून ते नाव पुन्हा पुन्हा ऐकत असतील, हे मी खात्रीने सांगू शकतो. त्यांच्यासाठी ते वादळाचे नाव नव्हते. जगात कुठेच जागा नव्हती तेव्हा मिळालेल्या जागेचे नाव होते.

तुबाबाओची वस्ती संपली ते योग्यच झाले. तंबूत माणसाने कायमचे राहू नये. तिथली माणसे पुढे शिक्षक झाली, अभियंते झाली, आजी-आजोबा झाली, आणि त्यांची नातवंडे आज अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात निर्धास्त राहतात. पण जगाच्या इतिहासात गीवान हे नाव मॅगेलनच्या जहाजांसाठी आणि हैयान वादळासाठी लिहिले जाते, आणि 1949 सालासाठी लिहिले जात नाही, हा अन्याय आहे. त्या नगराने केलेले सर्वांत मोठे काम तेच होते.